युकेचा ई-व्हिसा, वर्षभराहून जास्त वापरून: कार्ड गेलं आणि आईच्या कपाटाला काम लागलं

आधीच सांगते, हा रिव्ह्यू युकेला नवीन जाणाऱ्यांसाठी नाहीये. जे आधीच तिकडे राहतात, नोकरी करतात आणि वर्षातून एकदा-दोनदा घरी येऊन परत जातात त्यांच्यासाठी आहे, कारण खरी गंमत जाताना नसते, परत जाताना असते. सुट्टी संपलेली, बॅगा भरलेल्या, सोमवारी ऑफिस, आणि मुंबई एअरपोर्टच्या काउंटरवर कोणीतरी विचारतं, मॅडम आपका वीजा किधर है. आणि आपल्याकडे दाखवायला काहीच नसतं, कारण तो व्हिसा आता कशावर छापलेलाच नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी युकेत सहा महिन्यांच्या वर राहणाऱ्याला बीआरपी नावाचं कार्ड मिळायचं, गुलाबीसर रंगाचं, ड्रायव्हिंग लायसन्सएवढं, आत चिप, वर फोटो. २००८ पासून ही कार्डं होती. ३१ ऑक्टोबर २०२४ नंतर नवीन कार्ड द्यायचं बंद केलं आणि बहुतेकांच्या कार्डावर एक्सपायरी ३१ डिसेंबर २०२४ छापलेली, मग तुमचा खरा व्हिसा पुढे कितीही वर्षं असो. माझा व्हिसा २०२७ पर्यंत आणि कार्ड २०२४ ला संपणार. घरी आईला हे समजावताना माझी दमछाक झाली, ती म्हणे, अगं मग तुला हाकलणार का? नाही गं आई, कार्ड संपतंय, मी नाही. आता त्या कार्डाच्या जागी ई-व्हिसा, म्हणजे तिकडच्या सरकारच्या कॉम्प्युटरमधली तुमच्या नावाची एक नोंद, आणि ती बघायला एक ऑनलाइन अकाउंट. बस.

अकाउंट बनवणं सोपं आहे, याचे मार्क पूर्ण देते. फुकट आहे. फोनवर त्यांचं ॲप घ्यायचं, कार्ड फोनच्या पाठीला चिकटवून चिप वाचायची, स्वतःचा चेहरा स्कॅन करायचा. चिप वाचायला मला चार वेळा लागल्या कारण फोनला जाड कव्हर होतं, कव्हर काढल्यावर लगेच झालं. मुलीचं अकाउंट वेगळं, तेही आपणच बनवायचं, आणि सहा वर्षांच्या पोरीला कॅमेऱ्यासमोर नीट बसवणं हा वेगळाच प्रोजेक्ट. पण एका रविवारी दोघींचं उरकलं. इथे एक सांगते, आमच्या ओळखीत एकाने हेच काम करून द्यायला एजंटला पैसे दिले, पुण्यातही असे एजंट आहेत, मला फोनवर एकाने तीन हजार सांगितले. देऊ नका. त्यात तुमच्याशिवाय दुसऱ्याला करण्यासारखं काहीच नाहीये, चेहरा तुमचाच लागतो.

आता पहिली परतीची ट्रिप. डिसेंबर २०२४ मध्ये आले, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत. म्हणजे येताना कार्ड चालू आणि जाताना कार्ड संपलेलं. मला रात्री झोप नाही. पण तिकडच्या सरकारने ऐनवेळी सवलत दिलेली की संपलेलं कार्ड दाखवूनही विमानात बसू द्या, आधी मार्च २०२५ अखेरपर्यंत आणि मग ती तारीख वाढवून १ जून २०२५ केली. काउंटरवरच्या मुलाने कार्ड उलटसुलट केलं, तारखेवर बोट ठेवलं, सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरकडे सर्क्युलर होतं, दहा मिनिटांत मोकळी. मला वाटलं झालं, एवढंच तर होतं. त्या उत्साहात पुढच्या ट्रिपला मी ते कार्ड आईकडेच ठेवून आले. आईकडे एक डबा आहे कपाटात, त्यात माझी दहावीची मार्कशीट, बाबांची एलआयसी, सोन्याच्या पावत्या, त्यात तिने ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. म्हणाली, फेकू नकोस, सरकारी आहे. (सरकारी म्हणजे इंग्लंड सरकारचं, पण आईला सगळी सरकारं सारखी.) आणि गंमत म्हणजे तिकडच्या सरकारनेही हेच सांगितलेलं, की संपलेलं कार्ड जपून ठेवा, पुढे लागू शकतं. मी वाचलं नव्हतं. आईने न वाचता केलं.

दुसरी ट्रिप गणपतीची, २०२५. इथे खरा रिव्ह्यू सुरू होतो.

माझा भारतीय पासपोर्ट नोव्हेंबरात संपणार होता. तिकडून रिन्यू करायचा तर फॉर्म, फोटो, अपॉइंटमेंट, आणि किती आठवडे लागतील याचा नेम नाही, म्हणून ठरवलं की पुण्यात आहोत तर इथेच करू. तत्काळमध्ये टाकला, साधी फी १५०० आणि वर तत्काळचे २०००, मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गौरी गेल्यावर अपॉइंटमेंट मिळाली. तिथलं काम खरंच झकास, याचा वेगळा रिव्ह्यू लिहायला हवा, तीन काउंटर, दीड तासात बाहेर. जुन्या पासपोर्टचा कोपरा कापून त्यावर कॅन्सल्डचा शिक्का मारून परत हातात दिला. नवीन पासपोर्ट स्पीड पोस्टने घरी. मी खूश, बाबा खूश, बाबांनी पोस्टमनला पेढा दिला.

आणि कोणाच्याही डोक्यात आलं नाही की ई-व्हिसा जोडलेला आहे जुन्या पासपोर्टच्या नंबराला.

हीच ती गोष्ट आहे ज्याच्यासाठी मी हे सगळं टाइप करतेय. कार्ड होतं तेव्हा पासपोर्ट बदलला तरी फरक पडत नव्हता, नवीन पासपोर्ट आणि कार्ड सोबत दाखवलं की झालं, कार्डावर तुमचा फोटो, तुमचं नाव, संपला विषय. आता कार्डच नाही म्हटल्यावर तुमच्यात आणि त्या नोंदीत एकच धागा, पासपोर्टचा नंबर. विमान कंपनी चेक-इनच्या वेळी तो नंबर तिकडे पाठवते आणि तिकडून उत्तर येतं की याला घ्या किंवा घेऊ नका. तुम्ही नवीन पासपोर्ट अकाउंटमध्ये टाकला नसेल तर त्या सिस्टिमच्या दृष्टीने तुम्ही कोणीच नाही, एक भारतीय बाई विनाव्हिसा लंडनला निघालीये. भारतात पासपोर्ट रिन्यू करून देणारे तुम्हाला हे सांगणार नाहीत, सांगायची त्यांची जबाबदारीही नाही. तिकडच्या वेबसाइटवर लिहिलेलं आहे, पण सुट्टीत गौरीच्या जेवणाची पंगत उठवताना कोण वेबसाइट वाचतंय.

तर मुंबई एअरपोर्टचं टी-टू, म्हणजे टर्मिनल दोन, रात्रीचे साडेअकरा. नवरा यावेळी आला नव्हता, मी आणि मुलगी. विमान कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नव्हती आणि चूक अर्धी माझीच. काउंटरवरच्या मुलाने मुलीचा पासपोर्ट टाकला, लगेच ओके. माझा टाकला, स्क्रीनकडे बघत बसला. परत टाकला. मग म्हणाला, मॅडम आपका नहीं आ रहा है, कार्ड है क्या? म्हटलं कार्ड बंद झाली, ई-व्हिसा आहे. तो म्हणाला, हां तो वो दिखाइये. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीला युकेत जायची परवानगी आणि तिच्या आईला नाही. मुलगी ट्रॉलीवर बसून विचारतेय, मम्मा तू येणार नाही का, आणि मागची लाइन आमच्याकडे बघतेय.

ई-व्हिसा दाखवायचा म्हणजे काय, तर अकाउंटमध्ये लॉगिन करून शेअर कोड काढायचा, नऊ अक्षरांचा, तो समोरच्याला द्यायचा, तो त्याच्या कॉम्प्युटरवर टाकून बघतो. मी म्हटलं कोड आहे माझ्याकडे! फोनमध्ये सेव्ह केलेला, नोकरीच्या वेळी एचआरसाठी काढलेला. तो चालला नाही. का, तर कोड तीन प्रकारचे असतात. डब्ल्यूने सुरू होणारा नोकरीसाठी, आरने सुरू होणारा भाड्याच्या घरासाठी, आणि बाकी सगळ्यासाठी एसने सुरू होणारा, प्रवासाला हा एसवाला लागतो. शिवाय कोडला ९० दिवसांचीच मुदत, माझा तर कधीच शिळा झालेला. म्हणजे नवीन काढायचा, म्हणजे लॉगिन.

लॉगिनला काय लागतं? जन्मतारीख, ज्या कागदावर अकाउंट उघडलं त्याचा नंबर, आणि फोनवर किंवा मेलवर येणारा कोड. फोनचा प्रश्न असा की माझं तिकडचं सिम पर्समध्ये, भारतात आल्यावर काढून ठेवलेलं, रोमिंग नाही. मेलचा पर्याय आहे म्हणून वाचले, सगळ्यांनी हा पर्याय आधीच नीट करून ठेवा, मेलचा पासवर्ड आठवतोय ना तेही बघा, नाहीतर मेलवाला परत फोनवर कोड पाठवतो आणि आपण गोल गोल फिरतो. पण ज्या कागदावर अकाउंट उघडलं तो कागद कोणता? पासपोर्ट नाही. कार्ड. बीआरपी. जे बंद झालं, जे संपलं, जे कोणीच विचारणार नव्हतं ते कार्ड, त्याचा नंबर. आणि कार्ड कुठे, तर पुण्यात आईच्या डब्यात.

नवऱ्याला फोन लावला, तिकडे संध्याकाळचे सात, तो ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. मग आईला लावला. बारा वाजत आलेले. आईने पहिल्या रिंगला उचलला, कारण आम्ही विमानात बसेपर्यंत ती झोपतच नाही. म्हटलं, आई, डबा काढ. तिने एक प्रश्न विचारला नाही, हे मी विसरणार नाही. बाबा मागून विचारतायत काय झालं काय झालं, ती म्हणे तुम्ही थांबा हो, चष्मा द्या माझा. मग सुरू झालं. दोन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. आई म्हणे, आर आहे, मग एस. टाकलं, चुकीचं. परत बघ. आता म्हणे एक्स असेल. अगं एस की एक्स? फुलीसारखं आहे गं, फुली. बाबांनी फोन घेतला आणि सगळे आकडे एकदम रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखे वाचून दाखवले. लागलं. मेलवर कोड आला. टाकला. पान उघडलं, माझा चार वर्षांपूर्वीचा थकलेला फोटो आणि खाली परवानगी २०२७ पर्यंत. एवढं प्रेम मला माझ्या स्वतःच्या फोटोबद्दल कधी वाटलं नाही.

एसवाला कोड काढून दिला. तोपर्यंत सुपरवायझर बाई आल्या होत्या, मराठी निघाल्या, म्हणाल्या ताई घाबरू नका, हे रोज एक-दोन होतात. त्यांनी कोड टाकून बघितला, फोटो जुळवला, मग विचारलं जुना पासपोर्ट आहे का. आहे की, चेक-इन बॅगेत, जी पट्ट्यावर चढवलेली. उतरवली, उघडली, वरच भाजणीचं पीठ आणि त्याखाली चकल्यांचा डबा, त्याच्याखाली साड्या, त्याच्याखाली फाइल. जुना पासपोर्ट बघून त्यांनी नाव, जन्मतारीख, जुना नंबर जुळवला, कुठेतरी फोनही केला. विमान कंपन्यांना विचारायला तिकडच्या सरकारची चोवीस तासांची हेल्पलाइन असते, प्रवाशांसाठी नाही, फक्त कंपन्यांसाठी, त्यामुळे काउंटरवाला नुसता नाही म्हणत असेल तर त्याला शांतपणे म्हणा की तुमच्या सपोर्ट लाइनला विचारा. हे वाक्य पाठ करून ठेवा, मला ते त्या बाईंमुळे कळलं. पाऊण तास गेला एकूण. बोर्डिंग पास मिळाला.

पुढे इमिग्रेशनला आपल्या ऑफिसरने पण विचारलं, व्हिसा? तोपर्यंत मी तयार होते, पान उघडंच ठेवलेलं फोनमध्ये, स्क्रीनशॉटही काढलेला. स्क्रीनशॉट किंवा प्रिंट हा अधिकृत पुरावा धरत नाहीत, पण माणसाला काहीतरी बघायला मिळालं की त्याचा चेहरा जरा सैल होतो. गल्फमध्ये विमान बदलताना गेटवर परत तेच. म्हणजे एका प्रवासात तीनदा, आणि तिन्ही वेळा समोरचा माणूस वेगळा, त्याला माहिती किती ते त्याच्या नशिबावर आणि तुमच्या.

आणि हीथ्रोला? भारतीय पासपोर्टला तिकडची ऑटोमॅटिक गेट चालत नाहीत, त्यामुळे लाइनमध्ये उभं राहून ऑफिसरसमोर जावंच लागतं, मी कागद, कोड, जुना पासपोर्ट, सगळं पत्त्यांसारखं हातात धरून गेले. त्याने दोन्ही पासपोर्ट बघितले, स्क्रीनवर बघितलं, मुलीला विचारलं हॉलिडे छान झाला का, संपलं. मिनिटभर. पासपोर्ट अकाउंटमध्ये अपडेट करा एवढं म्हणाला. ज्यांनी व्हिसा दिलाय त्यांना माझं सगळं दिसत होतं. दिसत नव्हतं ते मुंबईच्या काउंटरवरच्या पोराला, आणि अडवायचा हक्क मात्र त्याचाच, कारण चुकीच्या माणसाला नेलं तर दंड त्याच्या कंपनीला. म्हणून तो शंका आली की नाही म्हणणार, मी त्याच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं.

आता न्याय म्हणून चांगली बाजू. आधी भारतात असताना कार्ड हरवलं तर काय व्हायचं ते मी मैत्रिणीचं बघितलंय. नाशिकच्या एसटीत तिची पर्स गेली, आत कार्ड. मग पोलिसात तक्रार, परत येण्यापुरता वेगळा व्हिसा, त्याची फी १५४ पाउंड, वर बायोमेट्रिक्सला जा, थांबा, तिकीट बदला, बॉसला मेल करा. तीन आठवडे गेले तिचे. ई-व्हिसा चोरीला जात नाही, पाण्यात भिजत नाही. पासपोर्ट गेला तर अवघड आहेच, पण निदान दोन-दोन गोष्टी सांभाळायच्या नाहीत. हा फायदा खरा आहे आणि मला तो मान्य आहे.

पण मग एक साधा क्यूआर कोड का नाही दिला? आपल्याकडे कोविडच्या लसीच्या सर्टिफिकेटवर होता, गावातल्या आजोबांनी लॅमिनेट करून खिशात ठेवलेला. तिकडे युरोपियन लोकांना ब्रेक्झिटनंतर असाच फक्त ऑनलाइन स्टेटस मिळाला होता, त्यांची थ्री मिलियन नावाची संघटना कधीपासून ओरडतेय की हातात धरता येईल असं काहीतरी द्या. सरकारचं म्हणणं ऑनलाइनच बरं. ठीक आहे बाबा, पण ऑनलाइन म्हणजे चार्जिंग, रेंज, मेल, नंबर, आणि एअरपोर्टचं वायफाय, जे स्वतःच आधी ओटीपी मागतं.

वयस्कर लोकांचं तर बोलूच नका. लंडनमध्ये आमच्या ओळखीचे एक काका आहेत, तिकडे चाळीस वर्षं झाली, त्यांच्याकडे कायम राहण्याचा शाईचा शिक्का आहे, एका जुन्या संपलेल्या पासपोर्टवर. कार्ड कधी घेतलंच नाही. शिक्का अजून कायद्याने चालतो, पण काउंटरवरच्या बावीस वर्षांच्या मुलाला तो शिक्का म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातलं चित्र. त्यांना त्यांच्या मुलाने नो टाइम लिमिट नावाचा अर्ज करून दिला, फुकट असतो तो, त्यातून ई-व्हिसा मिळतो. काकांचं अजून म्हणणं की शिक्क्याचा शिक्का असतो. मी त्यांच्याच बाजूची आहे पण विमानात बसायचं असेल तर मुलाच्या.

परत आल्यावर त्याच रात्री जेट लॅगमध्ये बसून नवीन पासपोर्ट अकाउंटमध्ये टाकला. पासपोर्टचा फोटो, माझा फोटो, सबमिट. काही दिवसांनी मेल आली की झालं. म्हणजे ही गोष्ट लगेच होत नाही, त्यामुळे फ्लाइटच्या आदल्या रात्री करू असं म्हणू नका. पासपोर्ट हातात आला की त्याच दिवशी, पेढा वाटायच्या आधी. मुलांच्या बाबतीत तर जास्तच, कारण लहान मुलांचा आपला पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो सारखा बदलतो. आणि जुना पासपोर्ट हँडबॅगेत, भाजणीखाली नाही. एसवाला कोड घरूनच काढून निघा, ९० दिवस चालतो, आणि लॉगिनला लागणारा नंबर कुठेतरी लिहून ठेवा जिथे तुम्हाला रात्री बारा वाजता सापडेल.

मार्क. अकाउंट बनवायला पाच. तिकडे पोचल्यावर पाच. घरून निघून विमानात बसेपर्यंतच्या मधल्या भागाला दोन, तेही त्या सुपरवायझर बाईंमुळे. एकूण साडेतीन धरा.

आईने तो कार्डाचा नंबर कालनिर्णयच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, एक्सखाली कंसात मराठीत फुली असं. पासपोर्ट अपडेट झाल्यापासून लॉगिन नव्या पासपोर्टच्या नंबराने होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.